बंदरावर की वाडीत?

डोंबिवली, विरार, नालासोपारा, परळ-लालबागच्या उरल्यासुरल्या चाळी. कोकणी माणसाच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं की या घरांतून एकच विषय निघू लागतो. फंडाचा आकडा कळलेला असतो, थोरल्याला नोकरी लागलेली असते, धाकटीचं लग्न ठरत आलेलं असतं. रात्रीची जेवणं झाली की कोणीतरी म्हणतं, "मग काय, गावचं घर दुरुस्त करायचं की रत्नागिरीत ब्लॉक बघायचा?"

गावचं घर म्हणजे संगमेश्वर, लांजा, राजापूर अशा एखाद्या तालुक्यातलं, आजोबांनी चिऱ्याने बांधलेलं, पडवी-ओटी-माजघराचं घर. रत्नागिरीचा ब्लॉक म्हणजे दोन खोल्या, लिफ्ट, खाली औषधांचं दुकान आणि रिक्षाने दहा मिनिटांवर बंदर. नकाशावर दोहोंत फार अंतर नाही. पण जो निर्णय घेतला जाईल त्यावर उरलेल्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं अवलंबून असतात, आणि त्या वाडीचंही बरंच काही.

म्हणून या वर्षी मी दोन्हीकडच्या माणसांना भेटले. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यापासून सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जे परत आले आहेत, जे कधी गेलेच नव्हते आणि जे परत येऊन पुन्हा मुंबईला गेले, त्यांच्याशी बोलले. शांतता हवी की सोय, एवढाच हा प्रश्न आहे असं सुरुवातीला वाटत होतं. बोलता बोलता तो बराच मोठा झाला.

मिरकरवाड्याची पहाट

मासेमारीच्या हंगामात मिरकरवाड्याला रात्र अशी नसतेच. पहाटे ट्रॉलर धक्क्याला लागतात, क्रेट उतरतात, बर्फ फोडण्याचा आवाज डिझेलच्या इंजिनात मिसळतो. बांगडा, सुरमई, म्हाकूल, कोळंबी, ज्याचा त्याचा ढीग, ज्याची त्याची बोली. बोटी बहुतेक इथल्या दालदी आणि खारवी समाजाच्या. खलाश्यांत नेपाळहून आलेली पोरंही पुष्कळ. लिलाव आटोपला की म्हावरेवाल्या टोपल्या घेऊन निघतात आणि आठ-साडेआठच्या सुमाराला नाचणे, माळनाका, साळवी स्टॉपच्या सोसायट्यांच्या फाटकांशी त्यांची हाक ऐकू येते.

नाचण्यातल्या अशाच एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले काका आणि काकू राहतात. गाव लांजा तालुक्यात. काकांचा ओढा गावाकडे होता. काकूंनी ठाम नकार दिला. "गावाला मी सून होते," त्या म्हणाल्या. "चुलतसासवा, जावा, देवाचं, श्राद्धाचं, आल्यागेल्याचं. चाळीस वर्षं मे महिन्यात मी तिथे चुलीपुढेच होते, सुट्टी सगळी इतरांची. इथे मी शेजारीण आहे. दार लोटलं की माझं घर माझं." त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. पायऱ्या, ओली पाखाडी, विहिरीचं पाणी हे सगळं आता त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. शहर की गाव याची चर्चा बहुतेक घरांत पुरुष करतात. गावच्या घराचं काम कोणाच्या अंगावर पडणार, हे बायकांना आधीपासून ठाऊक असतं.

रत्नागिरी त्यांना काय देते? रक्त तपासायला माणूस घरी येतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँक रिक्षाच्या अंतरावर आहे. सिव्हिल हॉस्पिटल आहे, आणि त्याच्या जोडीने आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. सावरकर नाट्यगृहात नाटक लागतं. काका रोज सकाळी नगर वाचनालयात जातात. १८२८ साली स्थापन झालेलं हे वाचनालय महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर त्यांच्यासारखेच दहा-बाराजण जमतात. मुंबईत लोकलच्या डब्यात जो गट असायचा, तो त्यांना इथे पुन्हा मिळाला.

पण बंदराचं गाव म्हणजे नुसता सुखाचा वारा नव्हे. खारी हवा खिडकीचे गज खाते, फ्रिजच्या पाठीला भोकं पाडते. शहराला पाणी शीळ धरणाचं. पाऊस लांबला की पुरवठ्याचं वेळापत्रक बदलतं आणि गच्चीवरच्या टाक्यांवरून सोसायट्यांत भांडणं होतात. पावसाळ्यात मिऱ्याच्या बंधाऱ्यावर समुद्र कसा चढतो हे ज्याने पाहिलं आहे, तो किनाऱ्याला लागून जागा घेताना दोनदा विचार करतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, तेव्हा याच मिऱ्यावर एक भलंमोठं जहाज येऊन आदळलं आणि पुढे कित्येक वर्षं ते तिथेच गंजत पडलं होतं.

आणि बंदर गप्प कधी असतं? १ जून ते ३१ जुलै, मासेमारीच्या बंदीत. बोटी ओढून ठेवलेल्या, जाळी तुणायला काढलेली, खलाशी आपापल्या मुलखाला गेलेले. काकांना हे दोन महिने आवडत नाहीत. "बंदराला शांतता शोभत नाही," ते म्हणाले. "शांतता म्हणजे कुणाच्या तरी घरात पैसा यायचा थांबलेला असतो."

सड्याखालची वाडी

देवरुख सोडून सह्याद्रीच्या दिशेने निघालं की रस्ता अरुंद होत जातो, आणि मग एका वळणावर मोबाइलची रेंज जाते. पुढे वाडी. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं कुलपात. अंगणात गवत, गडग्यावर शेवाळ, एखाद्या पडवीचे वासे वाळवीने खाऊन खाली आलेले. ज्या घरासमोर सारवलेलं अंगण दिसतं, तिथे माणूस आहे असं समजायचं.

अशा एका घरात मुंबईच्या पालिका शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि त्यांचे यजमान गेली काही वर्षं राहतात. येण्याआधी त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला तो सातबाऱ्यात. घर आणि जमीन सामाईक. पणजोबांच्या नावापासून फुटलेल्या फांद्या बडोद्यापासून दुबईपर्यंत पोचलेल्या. कौलं बदलायची तरी चुलत्यांची संमती, संडास बांधायचा तरी कोणीतरी विचारणार, "आमच्या हिश्शात तर येत नाही ना?" कोकणातली कितीतरी घरं पडली ती पावसाने कमी आणि अशा सामाईकपणाने जास्त. बाईंनी दोन गणपती सगळ्यांना एका पंगतीला बसवून कागद करून घेतले. "वडीलधारी माणसं जिवंत आहेत तोवर हे करायचं," त्या सांगतात. "त्यांच्या शब्दाला मान असतो. पुढच्या पिढीला आमचा चेहराही माहीत नसतो."

मग पाणी. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाड्यांना टँकर लागतो. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी मुरतं, खालच्या अंगाला झऱ्यांनी फुटतं, वहाळातून खाडीला जातं आणि काही तासांत समुद्राला मिळतं. ज्याची विहीर वहाळाच्या काठी आहे तो सुखी. ज्याचं घर वर सड्याकडे आहे त्याचा सगळा उन्हाळा पाण्यामागे जातो. गावी परतायचं ठरवणाऱ्याने आधी मेच्या अखेरीस आपल्या विहिरीत वाकून बघावं, हा मला मिळालेला सर्वांत शहाणा सल्ला.

बाईंच्या परसात दोडकी, पडवळ, भेंडी आहेत, आणि त्यावर वानरांचा हक्क त्यांच्या आधीचा आहे. वाडीतल्या अनेकांनी याच कारणाने शेती सोडली. वर वानर, खाली रानडुक्कर. राखण करायला तरणी माणसं नाहीत. एक टोळी येऊन गेली की महिन्याची मेहनत अर्ध्या तासात संपते.

पेन्शन बँकेत जमा होते. पण बँकेचा ओटीपी घरात येत नाही. त्यासाठी वर कातळावर जावं लागतं. यजमान रोज सकाळी फिरायला म्हणून तिकडेच जातात, फोन उंच धरून उभे राहतात, मुलाशी बोलतात, विजेचं बिल भरतात आणि खाली येतात. गंमत म्हणून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला साध्या व्यवहारासाठी निसरड्या दगडावरून चढायला लागणं हा अन्याय आहे.

आणि तरीही ती दोघं खूश आहेत. का, असं विचारलं तेव्हा बाईंनी सरळ उत्तर दिलं नाही. त्या दिवसाचं वेळापत्रक सांगू लागल्या. सकाळी शेजारची वहिनी दूध घेऊन येते, तिला मोबाइलवर आलेलं सरकारी पत्र वाचून दाखवायचं. दुपारी तीन मुलं इंग्रजी शिकायला येतात. मे महिन्यात आगोट भरायची: कोकम, सुकी मासळी, लाकडं, पापड, सगळं चार महिन्यांच्या हिशोबाने. पावसात लावणीला मदत नाही जमली तरी न्याहारी न्यायची. "मुंबईत निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारत नव्हतं," त्या म्हणाल्या. "इथे रोज कोणीतरी विचारतं."

त्याच वाडीत जन्मभर राहिलेल्या आजींना मी शांततेबद्दल विचारलं, तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "गणपतीत घर भरतं गो. पोरं येतात, भजनं होतात. विसर्जन झालं की कुलपं लागतात. मंग रातकिडे नि आमी." आम्ही मुंबईकर जिला शांतता म्हणतो, तिला त्या रिकामं घर म्हणतात.

सोय कायमची कुठेच नसते

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यातलं सर्वांत मोठं प्रमाण. पुरुष कामाला बाहेर, घर बाईच्या आणि म्हाताऱ्यांच्या हाती, हे कोकणाचं जुनं चित्र या एका आकड्यात आहे.

पण गावं नेहमीच आडबाजूला होती आणि बंदरं नेहमीच सोयीची होती, असं नाही. इंग्रजी अंमलाच्या आरंभी दक्षिण कोकणाचं मुख्य ठाणं सावित्रीच्या मुखावर बाणकोटला होतं. १८२२ साली ते रत्नागिरीला हललं. कचेऱ्या गेल्या, मागोमाग वकील, व्यापारी, शाळा गेल्या. आज बाणकोट इतकं शांत आहे की तिथे जाणारा माणूस 'किती छान, किती निवांत' म्हणतो. दाभोळ बहमनी काळात पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. आता पलीकडच्या धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी लोकांना ते माहीत असतं. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, खाडीतून गलबतं थेट आत येत. खाडी गाळाने भरली आणि बंदर सरलं.

आगबोटींच्या काळात मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीकडे जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि ट्रंका, पोरंबाळं, नारळाची पोती पडावातून किनाऱ्याला यायची. तेव्हा जैतापूर आणि विजयदुर्ग सोयीची गावं होती, कारण मुंबई त्यांच्या दारात येत होती. मग रस्ते झाले, एसटी आली, बोटी थांबल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाडी धावली आणि सोय आणखी आत सरकली. रत्नागिरीचं स्टेशनसुद्धा बंदराजवळ नाही, कुवारबावजवळ वर सड्यावर आहे, आणि शहर समुद्राकडे पाठ करून त्याच बाजूला वाढत चाललं आहे. २०२३ पासून वंदे भारत धावते. रत्नागिरीला थांबते, संगमेश्वर रोडवरून थेट निघून जाते.

हे सगळं सांगायचं कारण असं की, आज सोय कुठे आहे हे बघून घर घेणारा माणूस वीस वर्षांनंतरच्या नकाशावर राहणार असतो. शांततेचंही तेच. राजापूर तालुक्यातल्या नाणारची शांतता तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या घोषणेने एका झटक्यात गेली. २०१९ मध्ये तो तिथून रद्द झाला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, जिथे हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, त्याच प्रकल्पाच्या माती परीक्षणाच्या यंत्रांसमोर बाया आडव्या झोपल्या. शांत जागा म्हणून विकत घेता येईल अशी वस्तू बाजारात नाही.

रात्रीचे अकरा

तरीही एका प्रश्नापाशी सगळी चर्चा येऊन अडते. रात्री अकरा वाजता छातीत कळ आली तर?

नाचण्यात असाल तर रिक्षाने सिव्हिल. देवरुखच्या पुढच्या वाडीत असाल तर आधी रेंज शोधा, मग १०८ ला फोन, मग गाडी यायची वाट, मग देवरुख, तिथून रत्नागिरी. आणि तिथेही हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं काही निघालं तर आंबा घाट चढून कोल्हापूर. जुलै २०२१ मध्ये हाच घाट दरडींनी बंद पडला होता आणि त्याच आठवड्यात चिपळूण पाण्याखाली गेलं होतं. कोकणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. पावसातल्या रात्रीच्या तासांत मोजावं लागतं.

म्हणून ज्यांना हृदयाचा आजार आहे, डायलिसिस चालू आहे, ज्यांचे गुडघे काकूंसारखे थकले आहेत, त्यांनी बंदराचं शहर निवडावं आणि त्याबद्दल मनात कसलाही सल ठेवू नये. गाव सोडल्याचा दोष त्यांच्या माथी मारणं क्रूरपणाचं आहे. शहरात राहूनही गावाशी नातं ठेवता येतं. काकांच्या लांज्याच्या घरात आज शेजारच्या कुटुंबाची मुलं अभ्यासाला बसतात, कारण त्यांनी किल्ली मुंबईला न नेता वाडीत ठेवली.

पण रात्रीच्या अकराची भीती पिढ्यान्पिढ्या अशीच राहावी का? कोकणाचा अनुभव वेगळं सांगतो. इंदिराबाई हळबे, कोकणाच्या मावशी, तरुणपणी वैधव्य आल्यावर देवरुखात आल्या, परिचारिकेचं काम करू लागल्या आणि १९५४ मध्ये त्यांनी मातृमंदिर उभं केलं. सुरुवात लहानशा प्रसूतिगृहाची. ज्या गावात बाळंतपणात बायका दगावत होत्या, तिथे मावशी राहिल्या म्हणून सोय आली. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं, आणि कोकणात विंचवाने माणूस मरणं ही नित्याची गोष्ट राहिली नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला जे सापडलं नव्हतं, ते आडगावी मुक्काम करणाऱ्या डॉक्टरला सापडलं. या दोघांनीही सोयीची जागा शोधली नाही. ते जिथे राहिले तिथे सोय निर्माण झाली.

राहणाऱ्यांच्या मागून येणारी गोष्ट

मला जे कळलं ते एवढंच. सोय माणसांच्या मागून येते, आणि माणसं गेली की तीही जाते. वाडीवरची वस्तीची एसटी याचं रोजचं उदाहरण. संध्याकाळी येते, रात्री मुक्काम करते, पहाटे शाळकरी मुलं, कोर्टाची तारीख असलेला आणि दवाखान्याला जाणारी म्हातारी यांना घेऊन निघते. प्रवासी घटले की फेरी धोक्यात. २०२१-२२ च्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात महिनोन्महिने ती आली नाही, तेव्हा वाड्यांना कळलं की ती एक गाडी म्हणजे त्यांचा दवाखाना, बाजार आणि हायस्कूल होती. आता महिलांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. पण गाडीच बंद झाली तर सवलत कसली? पट घटला की शाळा बंद, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान बंद, आणि रुग्ण कमी म्हणून डॉक्टरची जागा रिकामी.

निवृत्त जोडपं वाडीत येतं तेव्हा दरमहा एक पेन्शन येते, दुकानाला एक खातं मिळतं, एसटीला दोन प्रवासी मिळतात, ग्रामसभेत अर्ज लिहू शकणारी दोन माणसं वाढतात. बाईंनी यजमानांना बरोबर घेऊन टॉवरसाठी आणि आरोग्य केंद्रातल्या मुक्कामी डॉक्टरसाठी अर्ज दिले आहेत आणि त्यांचा पाठपुरावा त्या सोडत नाहीत. जन्मभर तिथे राहिलेल्यांना हा प्रश्न ठाऊकच होता. कार्यालयाच्या भाषेत तो मांडणारं माणूस त्यांना मिळालं. सरकारनेही हे ओळखायला हवं. कोकणासाठी महामार्ग हवाच. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊनही अजून पुरं झालेलं नाही, याची लाज वाटली पाहिजे. पण महामार्ग मुंबईहून येणाऱ्याला वेगाने आणतो. राहणाऱ्याला हवी आहे वस्तीची गाडी, रात्री जागा असलेला डॉक्टर, आणि घरात बसून लागणारा फोन.

तेव्हा ज्या घरांत हा विषय निघाला आहे, त्यांना माझं सांगणं आहे. गणपतीतला किंवा आंब्याच्या दिवसांतला गाव बघून ठरवू नका. एक अख्खा जुलै काढून बघा आणि मे महिन्यात विहीर बघा. घरातल्या बाईला आधी विचारा, आणि ती नाही म्हणाली तर कारण नीट ऐका. सातबाऱ्याचं काम थोरली माणसं असताना उरका. आजार असेल तर बेधडक बंदराच्या शहरात राहा. पण अंगात दहा-पंधरा वर्षांची उमेद असेल, तर वाडीत या असंच मी म्हणेन.

मात्र शांतता शोधायला येऊ नका. ती शांतता तुमच्या-माझ्या आई-वडिलांच्या निघून जाण्याने तयार झाली आहे आणि वाडीला तिचा कंटाळा आला आहे. पर्यटक तिथे येतच राहतील. वाडीला हवे आहेत ते बाराही महिने राहणारे लोक, ज्यांचं नाव मतदारयादीत आहे, जे सकाळच्या एसटीला रांगेत उभे राहतात आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारतात.